संगणकाचे आवाज कोणीं आवरावे?

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाहीं. ज्या घरांत मुलें संगणकापुढें बसून अभ्यास करितात, तेथें या उणिवेचा अनुभव रोज येतो. पडद्यावरील एका खिडकींत गुरुजींचें व्याख्यान मंद स्वरांत चाललेलें असतें. तें नीट ऐकूं यावें म्हणून विद्यार्थी आवाज वाढवितो, तोंच दुसऱ्या खिडकींतून एखादी जाहिरात कानठळ्या बसवीत येते. कानाला हेडफोन असला तर बोलावयासच नको!

प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज निराळा कमीजास्त करण्याची सोय कांहीं नवी नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज व्हिस्टा' या प्रणालीबरोबर २००७ सालीं ती घरोघर आली. पुढें २००९ सालच्या 'विंडोज ७' मध्यें संगणकावर कोणाशीं संभाषण सुरू झालें कीं बाकीचे आवाज आपोआप शेंकडा ८० नें उतरावे, अशी योजना झाली. कल्पना उत्तम आहे. आमच्या कीर्तनांत दुसरें काय चालतें? बुवा निरूपणाला लागले कीं टाळमृदंग निवतात व अभंग येतांच पुन्हां उसळतात. पण मृदंग्याला बुवांचें बोलणें कळत असतें. संगणकाजवळ मात्र ठरीव प्रमाण तेवढें आहे. शिवाय पलीकडील मनुष्य हळू बोलतो म्हणून आपण मुख्य आवाज चढवावा, आणि संभाषण संपतांच दबलेलें गाणें त्या चढलेल्या आवाजानिशीं अंगावर यावें, हा प्रकार तर मूळ दुखण्याहून वाईट.

माझ्या मतें खरा दोष मापांत आहे. आवाजाची सरकती पट्टी विजेच्या संकेताचें प्रमाण बदलते. तो कानाला केवढा लागेल, हें तिला ठाऊक नसतें. म्हणून दोन प्रोग्रॅमांच्या पट्ट्या ५० वर असूनहि एक कुजबुजतो व दुसरा ओरडतो. रेडिओ व दूरचित्रवाणीवाल्यांनीं हा प्रश्न केव्हांच हातीं घेतला. कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००६ सालीं ठरविली, आणि जाहिराती मूळ कार्यक्रमाहून मोठ्यानें वाजवूं नयेत असा कायदा अमेरिकेंत २०१० सालीं होऊन २०१२ च्या डिसेंबरांत तो अंमलांत आला. जें माप तेथें चालतें, तें संगणकाच्या प्रणालीनें प्रत्येक प्रोग्रॅमला कां लावूं नये? हें काम एकेकट्या प्रोग्रॅमवर सोंपविणें व्यर्थ आहे. शेजारीं काय वाजत आहे हें त्याला कळत नाहीं.

मात्र ही समता प्रोग्रॅमा-प्रोग्रॅमांत असावी, एकाच गाण्याच्या आंत नसावी. विलंबित आलाप आणि द्रुत तान एकाच उंचीवर आणून ठेविली तर गाण्यांत राहिलें काय? तसेंच, मनुष्यानें स्वतःच्या हातानें ठेविलेली पट्टी यंत्रानें परस्पर हलवूं नये. उलट ती लक्षांत ठेवून दुसऱ्या दिवशीं तशीच द्यावी.

पालकांना यांत गंमत वाटत असेल, तर एक आंकडा सांगतों. जागतिक आरोग्य संघटना व दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं जी मर्यादा सुचविली, तींत मुलांच्या कानांना आठवड्याकांठीं ७५ डेसिबेलचे ४० तास पुरेसे मानिले आहेत. आवाज चढेल तसतसे हे तास झपाट्यानें घटतात. तूर्त मिक्सर उघडून व्याख्यानाची पट्टी पूर्ण ठेवावी, इतर सर्व निम्म्याहून खालीं आणाव्या, आणि मगच मुख्य आवाज लागेल तेवढाच चढवावा. या कामाला दोन मिनिटें पुरतात.