उष्टी चाल

परवा एक प्राध्यापक म्हणाले, भीमगीतांना स्वतःची चाल नाही, सगळा सिनेमाचा उष्टा माल.

उष्टं! साहेब, हा शब्द आमच्या आज्यानं ताटात पाहिला आहे. आम्हाला शिकवू नका.

जमैकाकडे बघा. गुलामांच्या नातवंडांनी तिथं रेगे उभं केलं. ड्रम आणि बेसच्या एका चालीला ते रिद्दिम म्हणतात. एका रिद्दिमवर दहा जण येतात, दहा वेगळी गाणी सांगून जातात. कोणी कोणाला चोर म्हणत नाही. अबिसिनियन्स नावाचं तिघांचं टोळकं : बर्नार्ड कॉलिन्स, डोनाल्ड आणि लिनफर्ड मॅनिंग. १९६९ साली त्यांनी 'सत्ता मासागाना' रेकॉर्ड केलं. स्टुडिओ वनचा मालक कॉक्सन डॉड, त्याला त्यात धंदा दिसेना. टेप पडून राहिली. पोरांनी पैसे मोजून ती सोडवली आणि १९७१ साली क्लिंच या स्वतःच्या लेबलवर काढली. मग तीच चाल घेऊन बिग यूथ आपलं बोलला, आणखी कितीक बोलले. अन् मूळ चाल तरी कुठं आभाळातून पडली होती? मॅनिंगांच्याच भावाचं, कार्लटनचं, एक जुनं गाणं तिच्या पोटात आहे.

आपले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले. १९४३ साली पहिलं गाणं रचलं तेही सिनेमाच्या चालीवर. काहून? चाल आधीच माणसांच्या तोंडात होती. शिकवायला पेटी नको, मास्तर नको. निरक्षर बाई एकदा ऐकून घरी घेऊन जायची. मालकाच्या तारेवरून आपली वीज नेली म्हणा!

आमच्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. कव्वालीचा ठेका इथं कोणाला परका नाही. नागपूरच्या नागोराव पाटणकरांनी कव्वालीत भीम बसवला. कोण्या दर्ग्यानं पोलिसात तक्रार दिल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

पण भावांनो, चोरी होते. चालीची नाही, नावाची. आणि ती आपणच करतो. वामनदादा शेवटच्या कडव्यात 'वामन' म्हणून सही करायचे. त्यांच्याजवळ दुसरा कागद नव्हता. आता १४ एप्रिलला डीजे दोन कडवी वाजवतो, धाडधाड रिमिक्स करतो, पुढचं गाणं. शेवटचं कडवं गेलं, त्यासोबत कवी गेला. मोबाइलवरच्या व्हिडिओत डीजेचं नाव, गाडीचं नाव, नगरसेवकाचा फोटो. वामन कुठाय? जमैकातल्या पोरांनी आपली टेप मालकाकडून सोडवली. आपण आपल्याच माणसाची सही खरडून टाकतो अन् वर नाचतो. प्राध्यापकाला शिव्या देणं सोपं आहे बे, डीजेवाला आपल्याच वस्तीतला असतो.

मी त्याला सांगून आलो. तो हसला, म्हणाला, पब्लिक थांबत नाही.

येत्या जयंतीला मी गाडीच्या पुढं उभा राहणार. शेवटचं कडवं झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. ज्याला यायचं त्यानं यावं.

जयभीम.