रांग किती, ते आधी सांगा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बहिणीच्या दोन मुलांना घेऊन एका मोठ्या मनोरंजन पार्कात गेलो होतो. पार्कचं नाव सांगत नाही. एकाला धरायचं आणि बाकीच्यांना मोकळं सोडायचं, असं मला करायचं नाही. किन्हीराजाहून पहाटे तीनला गाडी निघाली. भाचा सातवीत, भाची चौथीत. दोघांनी दोन्ही ईदांची ईदी खर्च न करता डब्यात ठेवली होती, ती या दिवसासाठी.

दारावर तिकिटं काढली. पहिल्याच राइडच्या रांगेत दीड तास गेला. दुसऱ्या राइडला सव्वा तास. तिसरी दुरुस्तीसाठी बंद होती, हे तिच्या दाराशी गेल्यावर कळलं. संध्याकाळपर्यंत चार राइड झाल्या. भाची दर पाच मिनिटांनी विचारायची, "मामू, और कितना टाइम?" मला काय सांगता येणार? मलाच माहीत नव्हतं.

पण ज्याला माहीत होतं, असा एक माणूस तिथं होता. जादा पैशाचा पास विकणारा मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, एक्स्प्रेस घ्या. ही लाइन दीड तासाची आहे." मी घड्याळ बघितलं होतं. त्याचा अंदाज बरोबर निघाला. म्हणजे रांग किती वेळाची आहे हे पार्कला ठाऊक होतं. ते दारावर तिकीट घेताना सांगितलं नाही, आत आल्यावर दुसरी वस्तू विकताना सांगितलं. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

काही मित्र म्हणतील, झुल्या-पाळण्यांवर कसला लेख लिहितोस? आपल्या समाजापुढं काय कमी प्रश्न आहेत? प्रश्न आहेतच. पण हा प्रश्न खरेदी-विक्रीतल्या खरेपणाचा आहे आणि दीनमध्ये त्याला लहान समजलेलं नाही. कुरआनची 83वी सूरह मापात मारणाऱ्यांवर सुरू होते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना एका धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर आत ओलावा लागला. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाही, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असंही बजावलं. धान्य भिजलं यात त्या माणसाचा दोष नव्हता. भिजलेलं खाली लपवलं, हा दोष होता.

वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला हा ओलावा वेगळा समजावून सांगायला नको. आपलं सोयाबीन हमीभावाच्या केंद्रावर गेलं की आधी त्यात यंत्र घालून ओलावा मोजतात. 12 टक्क्यांच्या वर आकडा गेला की माल परत. शेतकऱ्याच्या ढिगाची अशी तपासणी होते आणि ती व्हायलाही हवी. मग शहरातली कंपनी मला एक 'दिवस' विकते, त्या दिवसातले पाच तास उभं राहण्यात जाणार हे तिला माहीत असतं, तिच्या ढिगात हात कोण घालणार?

रांग असणं हा गुन्हा नाही. सुट्टीत गर्दी होणारच. गर्दी लपवणं हा गुन्हा आहे. मंगरुळपीरला दादा हयात कलंदर यांच्या उरुसात आकाशपाळणा लागतो, तेव्हा आपण आधी खाली उभं राहून बघतो. किती माणसं आहेत, पाळणेवाला किती फेऱ्या देतो, हे डोळ्यांसमोर असतं. पटलं तर पैसे काढायचे, नाहीतर शेजारी 'मौत का कुआं' बघायला जायचं. तिथं ढीग उघडा आहे. मोठ्या पार्कात एकच तिकीट दारावर घ्यावं लागतं आणि रांगा भिंतीच्या आत असतात. म्हणून तिथं वेळ सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर जास्त येते.

हे सांगणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे का? मुळीच नाही. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांमध्ये वर्षानुवर्षं एक साधी रीत होती. रांगेत शिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या हातात लाल कार्ड द्यायचं आणि राइडपाशी पोचल्यावर ते परत घ्यायचं. दोन वेळांमधला फरक म्हणजे रांगेची वेळ. आता दारावर मोजणी करणारे सेन्सर आहेत, कॅमेरे आहेत, मोबाइल अ‍ॅपवर प्रत्येक राइडच्या नावापुढं मिनिटं दिसतात. तिथले पाहुणे एवढ्यावर थांबले नाहीत. आपापल्या घड्याळाने वेळ मोजून ती फोनवरून एकमेकांना कळवू लागले. त्यातून दिसलं की फलकावरची वेळ बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जास्त असते. म्हणजे वेळ जाहीर झाली तरी ती पडताळणारे डोळे लागतातच.

आपल्याकडेही ही अक्कल कमी नाही. नाशिकच्या निलय कुलकर्णी या शाळकरी मुलानं 2015च्या कुंभमेळ्यासाठी पावलं मोजणारी चटई तयार केली. चटईवरून किती माणसं गेली, याचा आकडा यंत्रणेला मिळायचा. त्याच नाशिकमध्ये 2003च्या कुंभात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली होती. पुढं किती गर्दी आहे हे मागच्याला कळलं नाही की तो ढकलत राहतो. पार्कातली रांग त्या थराला क्वचित जाते, पण मोजण्याचं तंत्र तेच आहे. एक शाळकरी मुलगा कुंभासाठी ते उभं करू शकतो, तर कोट्यवधींचे रोलर कोस्टर आणणाऱ्यांना ते जमत नाही, असं कुणी सांगू नये.

जमत नाही असं नाहीच. जमतं, पण ते विक्रीसाठी राखून ठेवलं जातं. पुन्हा डिस्नेचाच दाखला घ्या. 1999 साली त्यांनी 'फास्टपास' आणला. ठरलेल्या वेळी या आणि कमी रांगेतून जा, तेही प्रत्येक तिकीटधारकाला फुकट. 2021 साली त्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. गर्दी मोजायचं तंत्र पाहुण्याच्या सोयीसाठी आलं आणि त्याच्याच घाईचा भाव ठरवायला लागलं.

कुणी म्हणेल, ज्याला परवडतं त्यानं घ्यावा पास, तुझं काय जातं? माझं काय जातं ते हिशेबानं सांगतो. समजा एका राइडवर तासाला 600 माणसं बसतात आणि रांगेत 400 उभी आहेत. शेवटच्या माणसाचा नंबर 40 मिनिटांत लागतो. आता तासाला 200 जागा पासवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला उरल्या 400. त्याच शेवटच्या माणसाला आता पूर्ण तास लागेल. ती वीस मिनिटं पार्कनं त्याच्याकडून घेतली आणि दुसऱ्याला विकली. त्याला विचारलं नाही, सांगितलंही नाही. वर तीच लांबलेली रांग दाखवून त्यालाही पास विकायला माणूस येतो. जुम्याच्या नमाजला उशिरा येऊन बसलेल्यांच्या खांद्यांवरून पुढं जाणं आपल्याकडं नापसंत केलेलं आहे. मशिदीचा नियम पार्काला लागू करा, असं मी म्हणत नाही. पण पुढं जाणारा कुणाच्या खांद्यावर पाय देतो आहे, हे तरी त्या खांद्याला कळू द्या.

दुसरा आक्षेप असा की वेळ आधी सांगितली तर लोक दारावरून परत जातील, धंदा बुडेल. जे सांगितल्यावर गिऱ्हाईक परत जाईल, तेच तर लपवायची परवानगी नाही! ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तू आणि सेवांचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. एका दिवसाच्या तिकिटात किती राइड प्रत्यक्ष मिळतील, हे प्रमाण नाही तर काय आहे? शिवाय लोक परतच जातील असं नाही. काही मंगळवारी येतील, काही आधी कमी गर्दीच्या राइडकडं वळतील. रांगा आपोआप वाटल्या जातील. त्यात पार्काचंही भलंच आहे.

समृद्धी महामार्ग शेलूबाजारजवळून गेला आणि 5 जून 2025 पासून तो थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत खुला झाला. आता आपल्या गावांतून अशा सहली वाढणार. शहरातला माणूस रांग बघून म्हणेल, पुढच्या रविवारी येऊ. किन्हीराजाच्या पोराला पुढचा रविवार नसतो. त्याची सहल दोन-तीन वर्षांतून एकदा. म्हणून ही माहिती सगळ्यात जास्त त्याच्या कामाची आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. तिकीट खिडकीवर मोठा फलक हवा आणि त्यावर प्रत्येक राइडची चालू वेळ मराठीत हवी. बंद राइडचं नाव तिथंच दिसलं पाहिजे. अ‍ॅप जरूर काढा, पण ज्या आईकडं साधा फोन आहे तिच्यासाठी फलक राहू द्या. गेल्या वर्षी कोणत्या दिवशी किती रांग होती, हे निघण्याआधी घरी बसून बघता आलं पाहिजे. आणि पासवाल्यांना तासाला किती जागा दिल्या, तेही त्याच फलकावर लिहा.

हे होईपर्यंत आपणही हात बांधून बसायचं कारण नाही. रांगेत शिरताना घड्याळ बघा, राइडवर बसताना पुन्हा बघा. तारीख, वार आणि मिनिटं आपल्या गावच्या, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. रागाच्या भरात पंचेचाळीसचे नव्वद करू नका. बातमी पडताळून घ्या, हा हुकूम आपल्यालाही आहे. जे स्वतः मोजलं तेच लिहा.

माझे आकडे भाच्यानं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. शनिवार, चार राइड, रांगेत पाच तास दहा मिनिटं, राइडवर एकूण चौदा मिनिटं. पुढच्या सुट्टीत गावातली आणखी दोन घरं तिकडं जाणार आहेत. ते पान मी त्यांना दिलं आहे.