चाकांवरचे बिऱ्हाड आणि प्रवासवर्णनाचा वाचक

प्रवासवर्णन शिकवताना आपण बहुधा खिडकीबाहेर पाहतो. लेखकाने काय पाहिले, कोणत्या दृष्टीने पाहिले, आणि ते सांगता सांगता तो स्वतःविषयी काय बोलून गेला, हे प्रश्न वर्गात नेमाने येतात. तो ज्या वाहनातून पाहत होता त्याच्या आत काय होते, हे मात्र सहसा विचारले जात नाही. आगगाडी किंवा विमान यांच्याबाबत त्याने फारसे बिघडत नसेल. परंतु कॅम्पर व्हॅनमध्ये प्रवासी झोपतो, स्वयंपाक करतो आणि प्रसंगी लिहितोही. अशा वाहनाच्या अंतर्रचनेचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने जाणून घ्यायला हवा, नाहीतर काही पुस्तके आपण अर्धीच वाचतो, असे माझे मत आहे.

या इतिहासाच्या आरंभी एक लेखकच भेटतो. नौदलातील माजी शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली 'वाँडरर' नावाची घोड्यांची निवासी गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यात केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधून घेतली. कल्पना रोमानी भटक्यांच्या चाकांवरच्या घरांवरून आलेली. दिमतीला मात्र गाडीवान आणि नोकर. त्याच दशकात अशा चालत्या घरांवर नियंत्रण आणणारी विधेयके ब्रिटिश संसदेत मांडली जात होती. म्हणजे एकाच्या जगण्यावर निर्बंध यावेत आणि त्याच जगण्याचा आकार दुसऱ्याची हौस व्हावा, हा विरोधाभास या वाहनाला जन्मापासूनच चिकटला आहे.

मोटारीच्या युगात ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती महायुद्धानंतर. बेन पॉन या डच मोटार-आयातदाराने २३ एप्रिल १९४७ रोजी वहीत पेटीसारख्या एका गाडीचे रेखाटन केले. त्यातून फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर व्हॅन घडली आणि १९५० साली तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने 'कॅम्पिंग बॉक्स' आणला. हे लाकडी सामान आठवडाभर घरी ठेवायचे, व्हॅनमधून मालाची ने-आण करायची आणि सुटी आली की तेच सामान व्हॅनमध्ये बसवायचे. कामाची गाडी आणि सुटीची गाडी अशा दोन गाड्या परवडत नसलेल्या समाजाने काढलेली ही तोड होती. ब्रिटनमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने 'डॉर्मोबील' बाजारात आणली. तिचे छत एका बाजूच्या बिजागरीवर उचलले जाई, त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणले जाई आणि वर झोळीसारखे बिछाने लागत.

या गाड्यांच्या आत पाहिले की एक तत्त्व लगेच लक्षात येते: कोणतीही वस्तू एकाच कामाची नाही. दिवसा बसायचा बाक रात्री पलंग होतो. मेज दुमडून भिंतीला लागते. बाकाखाली सामानाचे कप्पे असतात. फोक्सवॅगनचे इंजिन मागे असल्यामुळे तिथली उंच जमीन टाळता येत नाही. रचनाकारांनी तिच्यावरच बिछान्याचा मागचा भाग टेकवला. अडचण झाकण्याऐवजी तिला कामाला लावण्याची ही रीत मला छंदोबद्ध कवितेची आठवण करून देते. मात्र ही उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी आहे, कारण इथे बंधन पाळण्याचे श्रम रोज कोणीतरी करावे लागतात. बाकाचा पलंग आपोआप होत नाही. अंथरुणे कोण काढतो, शेगडीपाशी कोण उभे राहते, हे विचारले की त्या काळातील कुटुंबाची श्रमविभागणी सुटीवरही सोबत निघाली होती, हे दिसते.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार निवासी मोटारीत चार गोष्टी लागतात: आसने व मेज, बिछाना, स्वयंपाकाची सोय आणि साठवणीची जागा. बिछाना आसनांपासून तयार होत असला तरी चालतो. घराची इतकी काटेकोर व्याख्या कादंबरीकारालाही सहसा करावी लागत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. जॉन स्टाइनबेक १९६० साली मुद्दाम बनवून घेतलेल्या गाडीतून अमेरिका पाहायला निघाले. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) या पुस्तकाच्या आरंभी तिच्यातील पलंग, शेगडी, शीतकपाट यांची तपशीलवार यादी येते. निवेदक या घरातच राहिला, हा वाचकाचा विश्वास त्या यादीने पक्का होतो. पुढे संशोधनातून स्पष्ट झाले की स्टाइनबेक यांच्या कित्येक रात्री हॉटेलांत गेल्या होत्या. पुस्तकाच्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेनेही त्यातील कल्पिताचा अंश मान्य केला. म्हणून पुस्तक खोटे ठरवावे असे मी म्हणणार नाही. गाडीचे नाव दोन किहोतेच्या घोड्यावरून 'रोसिनान्ते' ठेवून लेखकाने आपल्याला आधीच सावध केले होते. आपणच फर्निचरला पुरावा समजलो.

याउलट हुलिओ कोर्तासार आणि त्यांच्या पत्नी कॅरल डनलॉप यांचे १९८३ सालचे पुस्तक. मे-जून १९८२ मध्ये दोघांनी पॅरिस ते मार्सेय हा काही तासांचा महामार्ग ३३ दिवसांत पार केला. रोज दोन विश्रांतिस्थळांवर थांबायचे आणि महामार्ग सोडायचा नाही, हा नियम. लाल फोक्सवॅगनचे नाव 'फाफ्नर'. इथे घर भरवशासाठी मिरवलेले नाही, ते प्रत्यक्ष वापरले आहे. काय जेवलो, कुठे सावली मिळाली, टंकयंत्र कुठे मांडले, यांच्या नोंदी हाच ग्रंथाचा ऐवज आहे. डनलॉप त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारल्या. पुस्तक कोर्तासार यांनी एकट्याने पुरे केले आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तेही गेले. हे ठाऊक असल्यावर दुमडत्या मेजाच्या साध्या नोंदीही वेगळ्या वाचल्या जातात. दोघांना पुरेल एवढीच जागा आणि दोघांना उरलेला वेळ यांची मोजदाद तिथे एकच झाली आहे.

पण हेच चार घटक निरुपायाने वाट्याला आलेली माणसेही आहेत. ॲलन बेनेट यांच्या लंडनमधील घरासमोरच्या मोकळ्या जागेत एक वृद्ध स्त्री १९७४ ते १९८९ अशी पंधरा वर्षे व्हॅनमध्ये राहिली. त्यांनी तिच्यावर लिहिले. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' (२०१७) मध्ये घरभाडे न परवडणारे वयस्क अमेरिकन हंगामी कामांमागे गाडीतून फिरतात. मराठी वाचकाला हा भेद भाषेनेच शिकवला आहे. 'भटकंती' आणि 'भटके-विमुक्त' हे शब्द एकाच धातूचे. पहिल्यात सुटीचा आनंद आहे, दुसऱ्यात इतिहासाचा जाच. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचलेल्या माणसाला 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण गमतीने उच्चारता येत नाही.

आज जुन्या कॅम्पर व्हॅन मोठ्या किमतीला विकल्या जातात, मूळ पडदे आणि लाकूडकाम जपून दाखवले जाते. जतनाला माझा विरोध नाही. आक्षेप एवढाच, की ज्या रचनेचे मर्म रोज बदलण्यात होते, ती आता छायाचित्रासाठी एका स्थितीत थांबवली जाते. पलंग पसरलेला, पण त्यावर कोणी निजत नाही. शेगडी लखलखीत, पण तिच्यावर काही शिजत नाही. साहित्याच्या वर्गात आपणही याहून वेगळे करतो का, हे तपासायला हवे. पुढच्या वेळी प्रवासवर्णन हाती घेताना विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारावा: या प्रवासात अंथरूण कोणी घातले, आणि लेखकाने ते सांगितले आहे का?