गाडीची चहाडी

सदर : परीक्षानळी



पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या रांगेत जे विषय निघतात त्यांपैकी तीन ठरलेले आहेत : शाळांचे प्रवेश, डेटा सेंटरची नवी इमारत कुठे उभी राहते आहे, आणि भारताच्या तिकिटांचे दर. यंदा चौथा निघाला. एका काकांनी वाटी पुढे करता करता विचारले, "अहो, तीन वर्षांत एक तिकीट नाही, साधा ओरखडा नाही, मग गाडीच्या विम्याचा हप्ता का चढला?" कुणी महागाई म्हणाले, कुणी सुट्या भागांच्या किमती म्हणाले. दोन्ही कारणे खरीच आहेत. पण तिसरेही एक कारण असू शकते आणि ते रोज रात्री आपल्याच गराजमध्ये मुक्कामाला असते. रांगेत हे समजावून सांगायला सवड नव्हती (मागून पुऱ्या संपत आल्याची बातमी आली), म्हणून या वेळचे सदर त्याच विषयावर.

जुनी गाडी मुकी होती. ती कुठे गेली हे चालवणाऱ्याला ठाऊक आणि फार तर पेट्रोल पंपवाल्याला. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत त्यांची स्वतःची मोबाइल जोडणी असते. आपण फोन घरी विसरलो तरी गाडी आपला फोन विसरत नाही. इंजिन केव्हा सुरू झाले, किती मैल झाले, वेग काय होता, ब्रेक किती जोरात दाबला, गाडी कुठे थांबली, हे सारे ती कंपनीला कळवू शकते. यात चांगलेही आहे. अपघात झाला तर मदत येते, गाडी चोरीला गेली तर सापडते. आमची तक्रार त्यावर नाही. कंपनीकडे गेलेली माहिती तिथून पुढे कुणाकडे जाते, तक्रार त्यावर आहे.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सिअ‍ॅटलजवळच्या एका गृहस्थांची हकिगत छापली. २०२२ साली त्यांचा विमा २१ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या कंपन्यांकडे विचारले तर तिथेही भाव चढेच. शेवटी एका एजंटाने सांगितले की लेक्सिसनेक्सिस नावाच्या कंपनीचा तुमच्यावरचा अहवाल हे एक कारण आहे. त्यांनी तो मागवला. अहवाल निघाला २५८ पानांचा! त्यातल्या १३० हून अधिक पानांवर त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या नोंदल्या होत्या : निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, अंतर, कुठे वेग जास्त झाला, कुठे ब्रेक जोरात लागला. ते कुठे गेले होते तेवढे मात्र त्यात नव्हते. ही माहिती पुरवली होती गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सने.

बातमीनंतर त्याच महिन्यात जनरल मोटर्सने हा पुरवठा थांबवला. फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर केली आणि जानेवारी २०२६ मध्ये आदेश पक्का केला. गाडीचा ठावठिकाणा आणि चालवण्याची पद्धत यांची माहिती अशा अहवाल-कंपन्यांना पाच वर्षे देता येणार नाही, आणि पुढे ती गोळा करायची तर गिऱ्हाइकाची स्पष्ट संमती हवी. कमिशनचा आरोप असा होता की गाडीचा नेमका ठावठिकाणा काही वेळा दर तीन सेकंदांनी टिपला जात होता आणि लोकांना फसव्या पद्धतीने या योजनेत ओढले गेले होते. फसवे म्हणजे कसे हे ज्यांनी इथे गाडी घेतली आहे त्यांना सांगायला नको. डीलरकडे तीन तास गेलेले असतात, मुले खुर्च्यांवर लोळत असतात, आणि वित्त विभागाचा हसरा माणूस कागदांचा गठ्ठा पुढे सरकवतो, "इथे, इथे आणि इथे." आपल्यातले जे लोक घराचा करार तीनदा वाचतात, तेही इथे मुकाट्याने सह्या करतात.

आणि या सहीची किंमत काय? सिनेटर रॉन वायडन आणि एड मार्की यांनी जुलै २०२४ मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले, त्यात हिशेब आहे. होंडाने ९७,००० गाड्यांची माहिती व्हेरिस्क या कंपनीला दिली आणि २५,९२० डॉलर मिळवले. म्हणजे गाडीमागे २६ सेंट. ह्युंदाईने १७ लाख गाड्यांमागे सरासरी ६१ सेंट मिळवले. २६ सेंटांत पटेलांच्या दुकानात कोथिंबिरीची जुडीसुद्धा येत नाही. आपल्या वर्षभराच्या येण्याजाण्याचा हा भाव!

इथे कुणीतरी म्हणणारच : "आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय? ऑफिस, शाळा, देऊळ, भरतनाट्यमचा क्लास." आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे प्रयोगशाळेतले उत्तर देतो. एका नोंदीला काही अर्थ नसतो. पण त्याच नोंदी वेळेच्या क्रमाने आलेखावर मांडा, म्हणजे एरवीच्या सपाट रेषेवर एखादे टोक वर येते आणि नजर तिथेच जाते. रोज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी निघणारी गाडी मंगळवारी ११ वाजता निघाली आणि दुसऱ्याच एका कंपनीच्या आवारात दोन तास उभी राहिली. ती मुलाखत होती, आणि व्हिसा ज्या कंपनीच्या नावावर आहे तिला अजून ते कळायचे आहे. किंवा गाडी दर दोन आठवड्यांनी इमिग्रेशन वकिलाकडे जाते. किंवा मूल व्हावे म्हणून एखादे जोडपे उपचार घेते आहे आणि पुण्याला आईलाही अजून सांगितलेले नाही. किंवा कुणी समुपदेशकाकडे जाते. आपल्या समाजात ही गोष्ट अजून घरातल्या घरातच ठेवतात. यांतले एकही काम चोरीचे नाही. पण हळदीकुंकवाला आलेल्या पाहुणीने उठून आपले कपाट उघडले तर आपल्याला चालेल का? कपाटात साड्याच आहेत, हे खरे असले तरी.

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप आणखी मुळाला हात घालतो. ते म्हणाले, "ही प्रायव्हसी वगैरे अमेरिकन थेरं आहेत. आम्ही चाळीत वाढलो. कुणाकडे आज कोणती भाजी, कुणाच्या मुलाला किती मार्क, कुणाकडे भांडण, सगळ्या मजल्याला ठाऊक. काय बिघडलं?" आम्ही यावर बराच विचार केला. चाळीत शेजारच्या काकूंना आपले सगळे कळत होते हे खरे. पण काकूंचेही आपल्याला कळत होते. त्या चहाडखोर असतील तर तेही सगळ्यांना ठाऊक असे, आणि त्यांच्यासमोर आपण जपून बोलत असू. आपण आजारी पडलो की पहिली मऊ भाताची वाटी त्याच आणत. कोपऱ्यावरच्या विमा एजंटाला त्यांनी आपल्या खोकल्याची बातमी २६ सेंटांना विकली नसती. इथे मात्र सगळा व्यवहार एकतर्फी आहे. ज्याला आपली प्रत्येक फेरी ठाऊक, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. चाळीचा दाखला द्यायचा तर पुरा द्यावा.

शिवाय हे थेर फक्त अमेरिकेचे नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालात आणीबाणीतला १९७६ चा कुप्रसिद्ध निर्णयही फिरवला गेला. तो देणाऱ्यांत यशवंतराव चंद्रचूड होते आणि फिरवणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय. मराठी घरात बापलेकांचे मतभेद नवे नाहीत, पण त्यांना घटनात्मक वजन क्वचितच मिळते.

आता सरकारची बाजू. हीही गोष्ट आपल्या अंगणातलीच आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये ओबामा आणि सारा पेलिन यांच्या प्रचारसभा शेजारच्या लीसबर्गला झाल्या. व्हर्जिनियाच्या राज्य पोलिसांनी तिथे आलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट यंत्राने टिपून ठेवल्या होत्या. कारण सुरक्षेचे होते. पण कोण कोणत्या नेत्याचे भाषण ऐकायला गेले याची यादी तयार झाली, आणि ती बाहेर यायला २०१३ साल उजाडले. नंबरप्लेट टिपण्याच्या पद्धतीवरून शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत एका रहिवाशाने पोलिसांवर खटला भरला. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला आणि २०२० मध्ये निकाल पोलिसांच्या बाजूने लागला. शेवटी विधिमंडळाने कायदा केला. १ जुलै २०२५ पासून व्हर्जिनियात अशा नोंदी एरवी २१ दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत आणि ठरावीक कारणांसाठीच वापरता येतात. एकवीस दिवस आम्हाला अजून जास्तच वाटतात, पण मर्यादा आहे हेही कमी नाही.

वॉशिंग्टनच्या अँटवान जोन्स खटल्याचेही असेच. पोलिसांनी त्याच्या जीपखाली वैध वॉरंटशिवाय जीपीएस यंत्र लावले आणि २८ दिवस पाठलाग केला. २,००० पानांहून अधिक माहिती जमली. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी हे झडतीतच मोडते असे ठरवले. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी स्वतंत्र मतपत्रात लिहिले की माणूस कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या प्रार्थनास्थळी जातो हे सारे अशा नोंदींतून उघडे पडते. गंमत पाहा : पोलिसांना २८ दिवसांसाठी जे वॉरंटशिवाय करता आले नाही, तेच गाडीची कंपनी आपल्या एका सहीवर वर्षानुवर्षे करू शकते.

आणि हेतू चांगला असला तरी कुलूप चांगले असेलच असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत उघडकीस आले की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर धड कुलूप न लावता पडून होती. त्यांतल्या सुमारे ४ लाख ६० हजार गाड्या कुठे उभ्या राहत होत्या तेही त्यात होते. क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे हे अ‍ॅशबर्नकरांना सांगायची गरज नाही. तो खिडक्या नसलेल्या इमारतींत राहतो आणि रात्रभर घुंईं करतो. आपल्यातले कितीतरी सभासद त्याच इमारतींत कामाला आहेत, कितीतरी जण ते प्रोग्रॅम लिहितात. त्यांना आमचा एकच प्रश्न : रासायनिक कचरा किती दिवस ठेवायचा आणि केव्हा नष्ट करायचा याचे नियम आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेले असतात. तुमच्या भिंतीवर आहेत का? पुढच्या अंकात कुणी यावर लिहिले तर आम्ही आनंदाने जागा करून देऊ.

मुलांबद्दल लिहायला हात थोडा अडखळतो, पण लिहितो. सोळा वर्षांचे चिरंजीव किंवा कन्यका गाडी घेऊन निघाली की आईबाप फोनवर तिचा ठिपका पाहत बसतात. काळजी आम्हाला समजते. पण तो ठिपका फक्त आपल्यालाच दिसतो असे नाही. टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलनी जानेवारी २०२५ मध्ये ऑलस्टेट आणि तिच्या अ‍ॅरिटी या कंपनीवर दावा लावला. लाइफ३६० सारख्या अ‍ॅपांत गुपचूप प्रोग्रॅम घालून साडेचार कोटींहून अधिक अमेरिकनांची माहिती गोळा केली, असा त्यातला आरोप आहे. घरात एवढे ठरवावे : ठिपका कधी पाहायचा, कधी नाही, आणि मुलाला ते सांगून. न सांगता पाहणे हे डीलरच्या बारीक अक्षरांपेक्षा फार वेगळे नाही.

आता करायचे काय? गाडीच्या पडद्यावर आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये प्रायव्हसी किंवा डेटा शेअरिंग असा भाग असतो. तिथे जाऊन "ड्रायव्हिंग स्कोअर" सारख्या गोड नावाचे जे काही चालू असेल ते बंद करावे. आमच्या घरी हे सौ.ने दहा मिनिटांत केले, आम्ही माहितीपुस्तिका शोधत होतो तेवढ्यात. विमा कंपनी सवलतीच्या बदल्यात गाडीत यंत्र किंवा फोनवर अ‍ॅप घाला म्हणते, तो सौदा निदान उघड असतो. पटला तर करावा, पण चढ्या हप्त्याचीही शक्यता आहे का ते आधी विचारावे. गाडी विकताना किंवा भाड्याची परत करताना फोनची जोडणी, पत्ते आणि संपर्क पुसून टाकावेत. भारतातून पाहुणे आले की आपण भाड्याची मोठी व्हॅन घेतो, त्यात सगळ्या मामामावश्यांचे नंबर तसेच राहून जातात.

लेक्सिसनेक्सिसकडून आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. चूक असेल तर दुरुस्तीही मागता येते. आणि १ जानेवारी २०२३ पासून व्हर्जिनियात ग्राहकांच्या माहितीचा कायदा लागू आहे. आपल्याबद्दल काय ठेवले आहे ते दाखवा, ते पुसा, ते विकू नका, असे कंपनीला कळवता येते आणि तिला साधारण ४५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्याला स्वतः दावा लावता येत नाही, ही त्यातली मोठी उणीव. तक्रार राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडेच करावी लागते.

अशा पत्राचा नमुना आम्ही तयार केला आहे. उन्हाळी सहलीत चहाच्या टेबलावर त्याच्या छायाप्रती ठेवू. गाडीचा व्हीआयएन क्रमांक (पुढच्या काचेखाली, चालकाच्या बाजूच्या कोपऱ्यात असतो) आणि कंपनीचा पत्ता लिहून आणावा. ज्या काकांनी विम्याचे विचारले होते त्यांच्यासाठी लेक्सिसनेक्सिसचा अर्जही ठेवतो. पाकिटे मंडळाची, तिकिटे आपापली.