एक शेड चित्रकारांना द्या

गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजारी, समकालीन कलेचं एक संग्रहालय आहे. सुबोध केरकर मूळचे डॉक्टर. वैद्यकी सोडून कलेकडे वळले आणि २०१५ साली त्यांनी ते स्वतःच उभं केलं. नाव ‘म्युझियम ऑफ गोवा’, म्हणजे आद्याक्षरांत ‘मोग’. कोंकणीत मोग म्हणजे प्रेम. थाळ्या समुद्रात बुडवून ठेवायच्या, त्यांवर कालवं चढू द्यायची आणि मग त्या प्रदर्शनात मांडायच्या, असले उद्योग हा गृहस्थ करतो.

आणि रत्नागिरी? १९१० च्या थिबा राजवाड्यात संग्रहालय आहे, तिथे जुन्या वस्तू सांभाळल्या जातात. सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तीही इथल्याच शोधकांच्या पायपिटीमुळे. जुन्याला वाली मिळाला. पण सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या पोरानं आपलं चित्र टांगायचं कुठे? मुंबईची गाडी धरायची आणि जहांगीर कलादालनाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबायचं.

मोठी इमारत लागतेच असं नाही. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय चक्क गुरांच्या गोठ्यात सुरू केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिवाय कोकणाला हे नवं थोडंच आहे? गणपतीची शाळा म्हणजे तरी काय: एक पडवी, मातीचा ढीग, रंगाचे डबे आणि शाळा सुटल्यावर डोळे फाडून बघत बसलेली पोरं.

मात्र एकट्याच्या खांद्यावरचं संग्रहालय त्या माणसाच्या उमेदीवर आणि खिशावर चालतं. म्हणून रत्नागिरीत असं संग्रहालय चार-सहा कलावंतांनी मिळून चालवावं. कोचीत बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन चित्रकारांनी २०१२ मध्ये बंदराकाठच्या जुन्या वखारींत बिनाले हे कलाप्रदर्शन भरवलं, केरळ सरकारनं पैसा दिला. बंदर रत्नागिरीलाही आहे.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत वापराविना पडलेली एखादी शेड असेल, तर ती नाममात्र भाड्यानं तीन वर्षांसाठी कलावंतांच्या हाती द्यावी. भिंतीवर काय लागेल हे त्यांनीच ठरवावं. नगर परिषदेनं फक्त विजेचं बिल भरावं. आणि पहिलं प्रदर्शन गणपतीत ठेवावं, चाकरमानी तेव्हा घरीच असतात.