‘पडीक’ जमिनीचे वैभव

भाद्रपद उतरणीला लागला, पावसाची झड ओसरून उन्हाची तिरीप पडू लागली, की साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर असलेल्या कास पठाराकडे वाहनांची रीघ लागते. पश्चिम घाटातील 39 स्थळांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश झाला. तेव्हापासून या पठाराची कीर्ती दूरवर पोहोचली. येणारा प्रेक्षक फुले पाहतो, छायाचित्रे काढतो आणि परततो. परंतु ही फुले येथेच का, आणि अशी एकमेकांच्या संगतीने का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र केवळ वनस्पतिशास्त्राचा नव्हे, तर अर्थविचाराचाही एक मोठा धडा दडलेला आहे.

कासचे सौंदर्य एकट्या फुलाचे नाही, ते साहचर्याचे आहे. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्याला सोनकीचा पिवळा काठ असतो. पाणी झिरपणाऱ्या खडकावर गेंदाचे पांढरे गोंडे उभे राहतात आणि त्यांच्याच पायथ्याशी ‘सीतेची आसवे’ या नाजूक नावाची निळी-जांभळी फुले दाटी करतात. जवळच कवल्याची पिवळी फुले डोलत असतात, तर कुमुदिनीच्या तळ्यावर शुभ्र फुलांचा थर पसरलेला असतो. पंधरवडा लोटला की हा पट बदलतो. एक रंग मावळतो, दुसरा उगवतो. कोणत्याही माळ्याने ही मांडणी केलेली नाही.

या वैभवाचे मूळ आहे दारिद्र्यात. पठाराचा माथा जांभ्या दगडाचा. त्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो. पावसाळ्यात तेथे पाणी साचते आणि दिवाळीनंतर तोच कातळ तापू लागतो. नत्राचा तर दुष्काळच. अशा तुटीच्या अर्थव्यवस्थेत प्रत्येक वनस्पतीने आपापला व्यवसाय शोधला आहे. सीतेची आसवे दिसायला सात्त्विक, पण ओल्या मातीतील आपल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेऊन ती नत्र मिळवतात. दवबिंदू ही वनस्पती चिकट थेंबांनी कीटक धरते. कवला द्विदलवर्गीय, तो मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतील नत्र वापरतो. कोणालाच भरपूर मिळत नाही, म्हणूनच कोणी एक सर्वांना गिळून टाकू शकत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे 1856 पासून एका कुरणावर खतांचा प्रयोग अखंड चालू आहे. ज्या तुकड्यांना नत्रयुक्त खत भरपूर मिळाले, तेथे गवत वाढले, पण वनस्पतींच्या जाती घटल्या. ज्यांना काहीच दिले गेले नाही, तेथे विविधता सर्वाधिक टिकली. कासलाही याच्याशी मिळताजुळता अनुभव आला. पठाराभोवती तारेचे कुंपण उभे राहिले, गुरांची ये-जा थांबली. पुढे गवत माजून फुले रोडावल्याची तक्रार होऊ लागली. संरक्षणाच्या हेतूने केलेली गोष्टही, निसर्गाचा व्यवहार न समजता केली, तर उलटू शकते.

आपल्या नगरपालिकांच्या उद्यानांकडे या दृष्टीने पाहावे. एकाच जातीची झुडपे कातरून केलेल्या भिंती आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी आसुसलेली हिरवळ हीच बागेची कल्पना रूढ झाली आहे. शोभेसाठी आणलेल्या परक्या झाडांची किंमतही काही वेळा पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते. आज डोंगरउतार व्यापणारी घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणूनच या देशात आली. उद्यानाचा एखादा कोपरा स्थानिक गवतांना आणि ऋतुमानाप्रमाणे फुलणाऱ्या रोपांना दिला, तर खर्च कमी होईल आणि मुलांना आपल्या मातीची ओळखही होईल.

खरा धोका मात्र कासपेक्षा कासच्या अप्रसिद्ध भावंडांना आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात असे शेकडो सडे आहेत. महसुली दप्तरात त्यांची गणना बहुधा ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ अशी होते. ज्याचे पीक नाही, त्याचे मोल शून्य, हा त्यामागील हिशेब. म्हणून कोठे जांभ्याची खाण निघते, कोठे पवनचक्क्या उभ्या राहतात, तर कोठे कातळ सुरुंगाने फोडून, बाहेरून माती आणून आंब्याची कलमे लावली जातात. कोकणातील शेतकऱ्याला बागायतीने चार पैसे मिळवून दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. विजेचीही गरज आहे. आक्षेप एवढाच, की या व्यवहारात जे नष्ट होते, त्याची खर्चाच्या बाजूला कोठेही नोंद होत नाही. असा ताळेबंद कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

सर्वांच्या मालकीची वस्तू अखेर नासतेच, असा युक्तिवाद गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये केला होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र अनेक देशांतील उदाहरणे तपासून दाखवून दिले, की स्थानिक लोक नियम ठरवून सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कासच्या परिसरातील गावांच्या समित्या वनखात्याच्या साहाय्याने प्रवेशशुल्क घेतात, गर्दीवर मर्यादा ठेवतात आणि त्यातून गावकऱ्यांना रोजगार मिळतो. या व्यवस्थेत उणिवा असतील. परंतु दिशा योग्य आहे. इतर सड्यांची निदान वनस्पतींसह नोंद व्हावी आणि त्यांच्याविषयीचे निर्णय त्या त्या गावाला विचारून व्हावेत, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी कासच्या गर्दीत भर घालण्याऐवजी एखाद्या रविवारी आपल्याच तालुक्यातील माळ वा सडा पायी पाहावा, फुलांवर पाय न देता आणि एकही फूल न तोडता. कोणाशेजारी कोण फुलते, याची साधी वही ठेवावी. दप्तरातील ‘पडीक’ हा शब्द खोडून काढण्याची सुरुवात त्या वहीपासून होऊ शकेल.