घरचें भांडार घरींच जोडावें काय ?

गेल्या पावसाळ्यांत शाळेंतील पालकसभा आटोपल्यावर एका गृहस्थांनीं आम्हांस बाजूस घेऊन विचारिलें, "आमचा नववींतला मुलगा सुटे भाग आणून घरीं सर्व्हर जोडीन म्हणतो. हा नवा खेळ समजावा, कीं कांहीं उपयोगाची गोष्ट ? आणि बाजारांत तयार पेटी मिळत असतां सुटे भाग कशाला ?" घंटा होत होती, म्हणून आम्हीं अर्धवट कांहीं तरी उत्तर दिलें. घरीं आल्यावर मात्र तो प्रश्न मनांतून जाईना. पुष्कळ पालकांच्या मनांत तोच असेल असें वाटल्यावरून या अंकांत त्याचें पुरतें उत्तर देण्याचें योजिलें आहे.

प्रथम वस्तु काय ती सांगूं. सर्व्हर म्हटलें कीं मोठ्या कचेरींतील थंडगार खोली डोळ्यांपुढें येते. घरगुती सर्व्हर म्हणजे पडदा नाहीं, कळफलक नाहीं, असा एक लहानसा संगणक. त्याच्या पोटांत दोन अथवा चार हार्ड डिस्क, आणि एक केबल घरच्या राउटरला जोडलेली. घरांतील सर्वांचे फोन आपलीं छायाचित्रें, कागदपत्रें व ध्वनिमुद्रणें तेथें आणून ठेवितात. ही पेटी कपाटाखालीं सहज मावते. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें चकत्यांचें पहिलें भांडार बाजारांत आणिलें, त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन एक टनाच्या घरांत, आणि त्यांत मावत अवघीं ५० लक्ष अक्षरें. आज फोननें काढिलेलें एकच छायाचित्र तेवढी जागा सहज खाऊन टाकितें.

अशी पेटी हवीच कशाला ? सध्यां बहुतेक घरांचीं छायाचित्रें भाड्याच्या जागेंत राहतात. गूगलच्या खात्याबरोबर १५ गिगाबाइट जागा फुकट मिळते. पूर्वीं छायाचित्रें थोडी प्रत उतरवून ठेविल्यास तीं या हिशेबांत धरीत नसत. १ जून २०२१ पासून धरूं लागले. भाडें घेणारावर आमचा राग नाहीं. जागा त्याची, नियमही त्याचे. परंतु ज्या घरांत पणजोबांचा एकुलता एक फोटो चौकटींत बसवून दिवाणखान्यांत टांगलेला आहे, त्याच घरांत पणतवंडाच्या बारशाचीं तीनशें छायाचित्रें कोठें आहेत असें विचारिलें असतां "कुठें तरी वर आहेत" असें उत्तर मिळावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आम्ही उंचावर बसून दुसऱ्यास शहाणपण सांगतों, असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या घरीं आमच्या आत्या राहत असत. जात्यावरच्या ओव्या त्यांना इतक्या येत कीं दळण संपे, पण ओवी संपत नसे. सन २०१४ च्या दिवाळीच्या सुटींत त्यांच्यापाशीं बसून आम्हीं सुमारें चार तासांच्या ओव्या मुद्रित केल्या, एका लहान डिस्कवर उतरविल्या आणि डिस्क कपाटांत ठेविली. पुढें फोन बदलला तेव्हां त्यांतील मूळ पुसून टाकिलें. डिस्क होती ना! आत्या वारल्या. वर्षभरानें सर्वांस त्यांचा आवाज ऐकवावा म्हणून डिस्क काढून लाविली, आणि ती चालू असतांच कोणाचा तरी पाय केबलीस अडकून टेबलावरून खालीं आली. चालत्या डिस्कमध्यें वाचणारें टोंक चकतीपासून जेवढें दूर तरंगतें, तें अंतर केसाच्या जाडीचा हजारावा भागही भरत नाहीं. तेथें दोन हातांवरून पडणें म्हणजे कडेलोटच. मुंबईस एका जाणत्या कारागिराकडे ती पाठविली. त्यानें पैसे न घेतां परत केली. यांत डिस्कचा दोष नव्हे. एकच प्रत ठेविली हा दोष सर्वस्वीं आमचा. त्या ओव्यांपैकीं आज घरांत कोणास दहा-बाराहून अधिक आठवत नाहींत.

आतां सुट्या भागांविषयीं. मुलांनीं खरेदीस निघण्यापूर्वीं हातांत फूटपट्टी घ्यावी. कारण लहान पेटीचा सगळा घोटाळा मापांत असतो. या कामास सोयीचा जो मदरबोर्ड त्यास मिनी-आयटीएक्स म्हणतात. व्हाया या तैवानी कंपनीनें २००१ सालीं हें माप काढिलें. लांबी १७ सेंटिमीटर, रुंदीही तेवढीच. एवढ्याशा फळीवर प्रोसेसर, रॅम व नाना प्रकारच्या खांचा बसवावयाच्या, म्हणून कांहीं तरी कमी करावें लागतेंच, आणि बहुधा कमी होतात त्या डिस्क जोडावयाच्या साटा खांचा. आमच्या ओळखीच्या एका मुलानें हौसेनें चार डिस्कांची पेटी आणिली आणि फळीवर पाहतो तों खांचा दोनच ! प्रोसेसरवरील पंख्याची उंची, पॉवर सप्लायचें माप (नेहमींच्या संगणकाचा मोठा पॉवर सप्लाय पुष्कळ लहान पेट्यांत शिरत नाहीं) आणि केबल वळावयास लागणारी मोकळी जागा, हीं मापें कागदावर लिहून पेटीच्या मापांशीं ताडून पाहावीं. आम्हीं आमची पेटी जोडिली तेव्हां सर्व कांहीं नीट बसलें, झांकण तेवढें लागेना. डिस्कच्या केबलींचीं टोंकें सरळ होतीं, तीं काटकोनांत वळलेलीं पाहिजे होतीं. एवढें उमगण्यास दोन संध्याकाळ गेल्या, आणि तीन माणसांनीं तीन सल्ले दिले.

प्रोसेसर बलवान नको. फाइली घेणें व देणें हें मल्लाचें काम नव्हे, कारकुनाचें आहे. इंटेलचा २०२३ सालीं आलेला एन-१०० हा प्रोसेसर अवघ्या ६ वॉटांच्या वर्गांतला आहे, आणि तो फळीवरच बसविलेला मिळतो. घरच्या कामास तो पुरून उरतो. साध्या एक गिगाबिटच्या केबलींतून सेकंदास सुमारें ११० मेगाबाइट जातात, आणि तेवढें देणें एका साध्या हार्ड डिस्कलाही जमतें. त्याहून चपळ प्रोसेसरावर पैसे घालणें म्हणजे बोळांत शर्यतीचा घोडा आणून बांधणें. विजेचा हिशेब पालकांनीं मुलाकडूनच मांडवून घ्यावा. सगळी पेटी ३० वॉट घेत असेल तर दिवसास ०.७२ युनिट, तीस दिवसांस २१.६ युनिट, त्यास मागील बिलावरील दरानें गुणावें.

डिस्क घेतांना मात्र काटकसर नको. चकतीवरील रेघा छपरावरच्या कौलांप्रमाणें एकीवर एक किंचित् चढवून जागा वाढविण्याची एक रीति आहे, तिला एसएमआर म्हणतात. अशा डिस्कवर पुन्हां पुन्हां लिहिणें मंदावतें, आणि मेलेल्या डिस्कच्या जागीं नवी घालून ती भरतांना फार वेळ जातो. २०२० सालीं असें उघडकीस आलें कीं, ही गोष्ट न सांगतां अशा डिस्क घरगुती सर्व्हरसाठीं विकल्या जात होत्या. म्हणून सीएमआर कीं एसएमआर, हें विचारल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

तयार पेटीची बाजूही सांगितली पाहिजे. ती आटोपशीर असते, एका संध्याकाळीं चालू होते, बिघडल्यास हमी असते. आणि दोन डिस्कांपुरतें पाहिलें तर सुटे भाग स्वस्त पडतातच असें नाहीं. ज्या घरीं कोणास स्क्रू फिरविण्याची हौस नाहीं, त्यांनीं खुशाल तयार पेटी घ्यावी. तरीही आमचें मत सुट्या भागांकडे झुकतें. पांच-सहा वर्षांनीं तयार पेटीची फळी जळाली तर बहुधा त्याच कारखानदाराच्या दारीं उभें राहावें लागतें. सुट्या भागांत पॉवर सप्लाय गेला तर पॉवर सप्लाय बदलावा, फळी गेली तर फळी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जें दुकान उघडें असेल तेथून आणावी. ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट हीं अशा पेटीचीं सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ट्रूनॅसमध्यें डिस्क झेडएफएस नांवाच्या पद्धतीनें भरितात. ही पद्धति प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणी-संख्या लिहून ठेविते, आणि सांगितल्या वेळीं, समजा महिन्यांतून एकदां, सगळें भांडार वाचून संख्या ताडून पाहते. एका डिस्कवरील मजकूर बिघडला असेल तर जोडीच्या डिस्कवरून दुरुस्त करिते. या डिस्क उचलून निराळ्याच संगणकांत घातल्या तरी वाचतां येतात. ज्या मुलानें स्वतःच्या हातांनीं त्या एकदां बसविल्या, त्यास त्या उचलण्याची भीति वाटत नाहीं. आमच्या मतें सुट्या भागांचा खरा नफा तो हाच.

येथें एक गैरसमज काढिला पाहिजे, कारण त्यापायीं शहाणींसुरतीं माणसें फसतात. दोन डिस्क एकमेकींच्या आरशाप्रमाणें ठेविल्या तर एक मेली तरी दुसरी जगते. १९८८ सालीं बर्कली येथील विद्यापीठांतल्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं स्वस्त डिस्कांचे असे समूह करण्याच्या रीती एका निबंधांत मांडिल्या, आणि त्यांस दिलेलें 'रेड' हें नांव जगभर रूढ झालें. पण आरशाला बरें-वाईट कळत नाहीं. धाकट्यानें चुकून बारशाचें फोल्डर पुसलें तर तें त्याच क्षणीं दोन्हींकडे पुसलें जातें. चोर पेटी नेतो तेव्हां दोन्ही डिस्क नेतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०२१ च्या जुलैंत चिपळूण पाण्याखालीं गेलें. अशा वेळीं तळमजल्यावरील कपाटाखालचा आरसा काय करणार ? आमची आजी बियाणें राखेंत घोळून ठेवी, पण सगळें एकाच मडक्यांत कधींच नाहीं. एक मडकें तिच्या भावाच्या घरीं असे. तिसरी प्रत अशीच दुसऱ्या घरीं असावी: एक वेगळी डिस्क, जी सणासुदीस जातां-येतां आणावी, भरावी आणि परत पोंचवावी.

आणखी दोन गोष्टी. सर्व्हर घरापुरताच ठेवावा. बाहेरून उघडतां यावा म्हणून इंटरनेटकडे त्याचें दार मोकळें सोडूं नये. २०२१ व २०२२ सालीं अशीं दारें मोकळीं सांपडलेल्या हजारों घरगुती पेट्यांतील फाइलींस चोरांनीं कुलुपें घालून खंडणी मागितली. दुसरी गोष्ट पालकांची. घरच्या सर्वांचीं छायाचित्रें व पत्रें एका मुलाच्या ताब्यांत जावयाचीं, तर बहिणीचें, आईचें, आजोबांचें खातें निराळें व ज्याचें त्याला असावें. आणि हाच मुलगा उद्यां वसतिगृहांत गेला तर ? कोणती डिस्क कोठें, परवलीचा शब्द काय, वीज गेल्यावर यूपीएस किती मिनिटें टिकतो व पेटी कशी बंद करावी, हें सर्व त्यानें एका वहींत शाईनें लिहून ती वही घराच्या कागदपत्रांत ठेवावी, आणि आईकडून एकदां तरी पेटी बंद-चालू करवून घ्यावी.

त्या गृहस्थांस आम्हीं मागाहून निरोप पाठविला कीं मुलास परवानगी द्यावी, पण एका अटीवर: तिसऱ्या डिस्कचे पैसे आधीं बाजूस काढावेत, आणि उरतील त्यांत पेटी, फळी व बाकीचें बसवावें. मुलगा त्यावर थोडा हिरमुसला असें ऐकतों. त्याला कांचेच्या झांकणाची पेटी हवी होती.